‘रेड रिव्हर’ वाचताना : युरीचे बळ नेमके कशात आहे?

सांजवेळ

चिए शिनोहारा यांची ‘सोरा वा अकाई कावा नो होतोरी’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मी गेल्या दोन महिन्यांत इंग्रजी भाषांतरातून वाचून पूर्ण केली. इंग्रजीत तिचे नाव ‘रेड रिव्हर’ असे आहे. १९९५ ते २००२ या काळात ती जपानमधील ‘शोजो कॉमिक’ या मुलींसाठीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध होत होती, तिचे एकूण २८ खंड आहेत आणि तिला शोगाकुकान मांगा पुरस्कारही मिळालेला आहे. शेवटचा खंड मिटल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे. पुढे कथेतील बऱ्याच घटना उघड होतील, तेव्हा ज्यांना कोऱ्या मनाने वाचायचे आहे त्यांनी येथेच थांबावे.

कथा थोडक्यात अशी. युरी ही आजच्या जपानमधील पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी. जिथे पाणी दिसेल तिथून दोन हात वर येतात आणि तिला आत ओढू पाहतात, असे काही दिवस घडत राहते. शेवटी ते हात तिला ओढून नेतात ते थेट इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकात, हित्ती साम्राज्याची राजधानी असलेल्या हत्तुशा नगरीत. तिला तिथे आणलेले असते राणी नाकियाने. आपला मुलगा जुदा गादीवर बसावा यासाठी इतर राजपुत्रांना शापाने दूर करायचे आणि त्या विधीत या परक्या मुलीचा बळी द्यायचा, असा तिचा बेत असतो. तिसरा राजपुत्र काइल मुर्सिली युरीला वाचवतो. पहाटेचा तारा उगवतो त्या ऋतूत, सात झऱ्यांच्या पाण्याच्या साहाय्याने तिला परत पाठवता येईल, असे तो सांगतो. पुढचे सारे काही या ‘तोपर्यंत’मध्ये घडते.

नावातली तांबडी नदी म्हणजे तुर्कस्तानातील किझिलइर्माक. तिच्या तुर्की नावाचा अर्थच तांबडी नदी असा आहे. हित्ती लोक तिला मारश्शान्तिया म्हणत असत. तिने घातलेल्या मोठ्या वळणाच्या आत हित्तींची मूळ भूमी होती. नकाशा उघडून ते वळण पाहिले, तेव्हा कथेतल्या सीमा, मोहिमा आणि परतीच्या वाटा मला एकदम समजू लागल्या. हे मी आधीच करायला हवे होते.

आता माझा प्रश्न. या मांगाविषयी जे जे वाचले त्यात युरीला ‘बलवान नायिका’ म्हटलेले असते, आणि पुरावा म्हणून तिचे घोड्यावर बसणे, तलवार चालवणे आणि सैन्यासमोर इश्तार या युद्धदेवतेचे रूप म्हणून उभे राहणे सांगितले जाते. मला ते बळ त्या ठिकाणी दिसले नाही. मला ते दिसले टिटोच्या मृत्यूनंतर. टिटो हा काइलचा लहानसा सेवक. युरीला वाचवण्याच्या धडपडीत तो मारला जातो, आणि तेही अतिशय क्रूरपणे. अशा कथांमध्ये सेवक मरतो, नायिका दोन चौकटी रडते आणि कथा पुढे जाते. येथे तसे होत नाही. आपल्यासाठी कोणीतरी जीव दिला आहे, हे युरी विसरत नाही आणि लेखिकाही आपल्याला विसरू देत नाही. टिटोच्या तीन बहिणी, हादी, र्युई आणि शाला, युरीलाच भावाच्या मृत्यूचे कारण मानून तिच्यावर चालून येतात. युरी त्यांच्यासमोर स्वतःचा बचाव मांडण्याची घाई करत नाही. पुढे त्याच तिच्या सर्वांत विश्वासू सहचरी होतात, आणि टिटोचे नाव शेवटच्या खंडांपर्यंत कथेत राहते.

म्हणून मला असे वाटते की युरीचे बळ हे उत्तरदायित्वाचे बळ आहे. आपल्या एका निर्णयाने कोणाचे काय होणार आहे, हे विचारल्याशिवाय ती निर्णय घेत नाही. आणि चूक झाली तर तिचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवत नाही. हे म्हणणे आपल्याला पटते का? ज्यांनी ही मांगा वाचली आहे, आणि ज्यांना त्या काळाचा इतिहास ठाऊक आहे, अशा दोघांच्याही मतांची मी वाट पाहते आहे.

कोरा_कागद

सांजवेळ, लेख मनापासून लिहिला आहे, तरीही मी आपल्याशी सहमत नाही. मी पंधराव्या खंडापर्यंत वाचले आणि सोडून दिले. सोडण्याचे कारण असे की युरीला पळवून नेले जाते, काइल येतो, सोडवतो; मग दुसरा कोणी तिला पळवून नेतो. मितान्नी या शेजारच्या राज्याचा काळा राजपुत्र झाला, इजिप्तचा रामसेस झाला. जो पुरुष तिला भेटतो तो तिच्या प्रेमात पडतो किंवा तिच्यावर हक्क सांगू लागतो, आणि तिच्यावर अत्याचाराची टांगती तलवार हे कथानक पुढे ढकलण्याचे नेहमीचे साधन होऊन बसते. ज्या नायिकेची सुटका पुन्हा पुन्हा दुसऱ्याने करावी लागते, तिला बलवान कशाच्या आधारावर म्हणावे? शिवाय नायिकेचे वय पाहता त्यातले काही प्रणयप्रसंग मला खटकले, आणि ते मी माझ्या तेरा वर्षांच्या भाचीच्या हाती देणार नाही. आपण म्हणता ते उत्तरदायित्व खरे असेलही, पण ते या सगळ्याखाली दबून जाते, अशी माझी प्रामाणिक तक्रार आहे.

सांजवेळ

कोरा_कागद, आपल्या तक्रारीचा अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. अपहरणाची पुनरावृत्ती हा या मांगाचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो काळाच्या नावावर माफ करावा असे मला वाटत नाही. वयाबद्दलही आपण बरोबर आहात. ही लहान मुलींना देण्याची मांगा नाही.

परंतु सुटकेचा हिशेब मात्र आपण पुन्हा एकदा मांडून पाहावा. सुरुवातीच्या खंडांत काइल सोडवतो, हे खरे. पुढे पुढे असे होऊ लागते की युरी शत्रूच्या गोटात असते तेव्हा ती तिथल्या माणसांशी बोलते, त्यांच्या अडचणी समजून घेते, आणि ती बाहेर पडते तेव्हा त्या गोटातली काही माणसे तिच्या बाजूची झालेली असतात. मत्तिवाझा, म्हणजे आपला काळा राजपुत्र, शत्रू म्हणून कथेत येतो, पण कथा त्याला शत्रू म्हणूनच निरोप देत नाही. हा बदल काइलच्या तलवारीने झालेला नाही.

दुसरे उदाहरण उर्सुलाचे. ही बाई स्वतःच इश्तार असल्याची बतावणी करते. तोतया म्हणून तिला कडक शिक्षा होणे सोपे होते. युरी तिला जवळ करते, आणि पुढे तीच उर्सुला युरीसाठी जे करते ते वाचून मी खंड मिटून ठेवला आणि त्या दिवशी पुढे वाचू शकले नाही. तसेच गाल मेशेदी, म्हणजे राजाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख, हे पद युरीला मिळते तो भाग आपण बहुधा वाचलेला नसावा. तिथून ती केवळ राजपुत्राची आवडती व्यक्ती राहत नाही, तिच्याकडे स्वतःचा अधिकार येतो. पंधराव्या खंडावर थांबलेल्या वाचकाला मी एवढेच म्हणेन की आपण चढण चढलात आणि माथ्याआधी परतलात.

मातीची_पाटी

मांगाबद्दल मला फारसे सांगता येणार नाही, मी दहाच खंड वाचले आहेत. परंतु हित्ती इतिहास हा माझा अनेक वर्षांचा आवडीचा विषय आहे, म्हणून सांजवेळ यांच्या प्रश्नाला त्या बाजूने हात घालतो.

काइल हा काल्पनिक असला तरी मुर्सिली काल्पनिक नाही. दुसरा मुर्सिली हा पहिल्या शुप्पिलुलिउमाचा मुलगा आणि त्याने साधारणपणे इ.स.पू. १३२१ ते १२९५ या काळात राज्य केले. वडील गेले, पाठोपाठ थोरला भाऊ अर्नुवांदा आजाराने गेला, आणि गादी या तरुण मुलाकडे आली. त्याच्या स्वतःच्या वृत्तांतात तो लिहितो की शेजारचे शत्रू मला पोर समजून हिणवत होते. पहिल्या दहा वर्षांतल्या मोहिमांचा हा वृत्तांत मातीच्या पाट्यांवर आपल्यापर्यंत आलेला आहे. १९०६ मध्ये हुगो विंकलर आणि थिओडोर माक्रिदी यांनी बोगाझकोय येथे उत्खनन सुरू केले, तेव्हा पाट्यांचा मोठा साठा हाती लागला आणि ही जागा म्हणजेच हत्तुशा, हे निश्चित झाले. भाषा मात्र कळत नव्हती. ती १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझनी या चेक विद्वानाने उलगडली, आणि ती ज्या वाक्यावरून उलगडली ते अगदी घरगुती वाक्य होते: आता तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल. त्यातले ‘खाणे’ या अर्थाचे हित्ती क्रियापद आणि संस्कृतातला ‘अद्’ हा धातू एकाच कुळातले आहेत. आपला ‘अन्न’ हा शब्द त्याच ‘अद्’पासून आला आहे.

आता मुद्द्याचे. हित्ती दरबारात ‘तवनन्ना’ हे राणीचे पद होते, आणि त्याची खासियत अशी की राजा मेला तरी तवनन्ना पदावरून उतरत नसे. ती हयात असेपर्यंत पद तिचेच असे. म्हणजे नव्या राजाची बायको राजवाड्यात असली तरी तवनन्ना मात्र जुन्या राजाची विधवा असू शकत होती. शुप्पिलुलिउमाची शेवटची राणी ही बॅबिलोनची राजकन्या होती आणि तीच मुर्सिलीच्या काळातही तवनन्ना होती. मुर्सिलीच्या प्रार्थनांमध्ये त्याने आपल्या या सावत्र आईवर जो आरोप केला आहे तो वाचून आजही अंगावर काटा येतो: हिने देवांसमोर रात्रंदिवस माझ्या पत्नीला शाप दिले आणि माझी पत्नी मेली. कौल घेतला गेला, तेव्हा देवांनी तिला मृत्युदंड देण्याची मोकळीक दिली. मुर्सिलीने तिला मारले नाही. पद काढून घेतले आणि राजवाड्याबाहेर घालवले; तिला राहायला जागा दिली, खाण्यापिण्याची ददात ठेवली नाही, असेही तो नमूद करतो.

शिनोहारा यांची नाकिया कुठून आली, हे आता सांगण्याची गरज नाही. पाण्यावर मंत्र टाकणारी राणी ही अद्भुतरम्य कल्पना वाटते खरी, पण तिच्या मुळाशी एका राजाने मातीवर कोरवून घेतलेली फिर्याद आहे. आणि म्हणूनच युरीच्या बळाबद्दल मला असे वाटते की ते पोकळीत उभे नाही. बाईला जन्मभराचे पद, स्वतःची मुद्रा आणि धर्मकार्यात स्वतःचा अधिकार असलेल्या एका दरबारात लेखिकेने तिला नेऊन सोडले आहे. मुर्सिलीच्या पुढच्याच पिढीत पुदुहेपा या राणीने इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसबरोबर झालेल्या तहावर, म्हणजे साधारण इ.स.पू. १२५९ मध्ये, पती हत्तुशिली याच्या बरोबरीने स्वतःची मुद्रा उमटवली होती. तशी जागा अस्तित्वात होती, म्हणून युरी तिथे बसू शकली.

अश्वशाळा

मातीची_पाटी यांनी ‘अद्’चा उल्लेख केला आहेच, तर मीही एक धागा जोडते, कारण तो थेट या मांगातल्या पात्राशी जातो. काळा राजपुत्र मत्तिवाझा हाही ऐतिहासिक पुरुष आहे. जुन्या अभ्यासकांनी त्याचे नाव मत्तिवाझा असे वाचले, आता ते शत्तिवाझा असे वाचतात, आणि त्यामागे ‘साति’ आणि ‘वाज’ हे वैदिक शब्द असावेत, असे मानले जाते. शुप्पिलुलिउमाने त्याच्याशी केलेला तह बोगाझकोयच्या पाट्यांमध्येच सापडला. या तहाला साक्षी म्हणून ज्या देवांची नावे घेतली आहेत त्यांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. नासत्य म्हणजे आपले अश्विनीकुमार. मितान्नीची प्रजा मुख्यतः हुरियन भाषा बोलणारी होती, पण तिच्या राजघराण्याने हे देव आणि ही नावे जपली होती.

त्याच तहात आणखी एक अट आहे, आणि या धाग्यासाठी ती महत्त्वाची आहे. शुप्पिलुलिउमाने आपली मुलगी शत्तिवाझाला दिली, आणि करारात लिहून घेतले की तो इतर स्त्रिया ठेवू शकेल, परंतु त्यांपैकी कोणालाही माझ्या मुलीपेक्षा वरचे स्थान मिळणार नाही, ती मितान्नीची राणीच राहील. मुलगी येथे सौद्याचा भाग आहे, यात शंका नाही. पण तिचे स्थान हा बापाच्या दृष्टीने तहाचा विषय होता, हेही तितकेच खरे.

दुसरी गोष्ट घोड्यांची. युरीचा घोडा आस्लान हे माझे या मांगातले सर्वांत लाडके पात्र आहे. हत्तुशामध्ये घोडे तयार करण्याची पद्धत सांगणारा एक ग्रंथ सापडला आहे. तो सांगणारा किक्कुली हा मितान्नी देशाचा अश्वशिक्षक. रथाचे घोडे किती फेरे पळवायचे, केव्हा पाणी पाजायचे, केव्हा दाणा द्यायचा, हे त्यात दिवसादिवसाने लिहिले आहे. लेखन हित्ती भाषेत आहे, पण फेऱ्यांसाठी वापरलेले शब्द असे: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात. यातले ‘वर्तन’ म्हणजे वळसा, फेरा. आज मराठीत ‘वर्तन’ म्हटले की वागणूक एवढाच अर्थ उरला आहे, पण ‘आवर्तन’ या शब्दात तो जुना फेरा अजून शाबूत आहे. कालव्याच्या पाण्याचे आवर्तन, तबल्याचे आवर्तन आणि अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने, हे सारे म्हणताना आपण किक्कुलीच्या मैदानातला शब्द उच्चारतो. मत्तिवाझाच्या घोडदौडीची चित्रे पाहताना मला ते फेरे ऐकू येत राहिले.

पहाटवारा

मी मांगा हा प्रकार आजवर कधीच वाचलेला नाही. या धाग्यामुळे पहिल्यांदाच इच्छा झाली. कशी सुरुवात करावी? पाने उलटी असतात, असे ऐकले आहे.

सांजवेळ

पहाटवारा, स्वागत आहे. आपण ज्याला शेवटचे पान म्हणू तिथून पुस्तक सुरू होते. प्रत्येक पानावर उजवीकडची वरची चौकट आधी, मग तिच्या डावीकडची, मग खालची ओळ. चौकटीतले संवादही उजवीकडून डावीकडे. पहिल्या खंडात डोळे अडखळतात, दुसऱ्या खंडात सवय होते. घाई करू नये, एवढेच सांगेन, कारण शिनोहारा बरेच काही शब्दांशिवाय सांगतात. नाकिया हातात पाण्याचे भांडे घेऊन गप्प उभी आहे, एवढ्या एका चौकटीने पुढचे संकट कळते, आणि संवादांमागे धावणाऱ्याच्या नजरेतून ती चौकट निसटते.

नावांबद्दलही सांगते. जपानी लिपीत ‘न’ सोडला तर एकटे व्यंजन लिहिता येत नाही आणि ‘ल’ आणि ‘र’ वेगळे नाहीत, त्यामुळे मुर्सिली तिथे ‘मुरुशिरि’ होतो आणि काइल ‘काइरु’ होतो. इंग्रजीत ती नावे पुन्हा फिरून येतात. देवनागरीत ती सरळ लिहिता येतात, याचा मला फार आनंद झाला, आणि वाचताना मी पात्रांची एक यादी वहीत लिहून ठेवली. दहाव्या खंडानंतर ती फार उपयोगी पडते.

ताम्रपट

मला काइलचा भाऊ झनान्झा याच्याविषयी लिहायचे आहे, कारण संपूर्ण मांगात माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेला भाग तोच. आणि येथेही इतिहास कल्पनेच्या पुढे आहे.

शुप्पिलुलिउमा कार्केमिश शहराला वेढा घालून बसला असताना त्याला इजिप्तच्या राणीचा निरोप येतो. ही राणी बहुतेक अभ्यासकांच्या मते तुतनखामुनची विधवा अंखेसेनामुन. निरोपाचा आशय असा की माझा पती मरण पावला, मला मुलगा नाही, तुम्हाला पुष्कळ मुलगे आहेत असे ऐकते, त्यांतला एक द्या, तो माझा पती होईल. माझ्या सेवकाला मी कधीही पती करणार नाही. शुप्पिलुलिउमाला हे खरे वाटेना. त्याने हत्तुशा-झिती नावाचा अधिकारी खातरजमा करण्यासाठी इजिप्तला पाठवला. राणीचे दुसरे पत्र आले ते संतापाने भरलेले होते: मी तुम्हाला फसवते असे तुम्ही म्हणता तरी कसे, मुलगा असता तर मी माझी आणि माझ्या देशाची ही लाज परक्या देशाला लिहून कळवली असती का? अखेर झनान्झाला पाठवण्यात आले आणि तो मारला गेला. हा सगळा वृत्तांत मुर्सिलीने लिहवून घेतलेल्या वडिलांच्या चरित्रात आहे. म्हणजे काइलच्या मूळ पुरुषाने आपल्या भावाची ही कथा स्वतः जतन केली.

लेखिकेने या खुनामागे नाकियाचा हात दाखवला आहे आणि झनान्झाचा शेवट युरीच्या डोळ्यांसमोर घडवला आहे. येथे मला सांजवेळ यांचे म्हणणे पटते. युरी या प्रसंगात काहीही जिंकत नाही. ती वाचते, आणि ज्याच्यामुळे वाचली त्याचे ऋण घेऊन परत येते. पण मला असेही वाटते की या मांगातली सर्वांत धीट स्त्री पडद्याआड आहे. चहूबाजूंनी घेरलेली असताना शत्रुराजाला स्वतःच्या हाताने पत्र धाडणारी ती तरुण विधवा. तिला आणखी पाने मिळायला हवी होती.

कोरा_कागद

ताम्रपट यांनी सांगितलेल्या पत्रामुळे माझा एक जुना आक्षेप मला अधिक स्पष्टपणे मांडता येतो. जुन्या जगात अशा स्त्रिया होत्या; लिहिणाऱ्या, मुद्रा उमटवणाऱ्या, कट करणाऱ्या, तहाच्या अटी ठरवणाऱ्या. मग त्या जगाला बळ शिकवण्यासाठी विसाव्या शतकातली मुलगी तिथे नेण्याची गरज का पडावी? सेवकांना समानतेने वागवणे हे जणू फक्त युरीलाच सुचते आणि हित्ती लोक थक्क होऊन पाहत राहतात. आजचे शहाणपण कालच्या लोकांना वाटत फिरणे, हे मला न्याय्य वाटत नाही. लोखंडाचेही तसेच. कथेत लोखंड हे जणू विजयाची गुरुकिल्ली आहे, पण त्या काळात हित्ती सैन्याची हत्यारे मुख्यतः कांस्याचीच होती, असे मी वाचले आहे.

मातीची_पाटी

लोखंडाबाबत आपण बरोबर आहात. हित्तींनी लोखंडाच्या गुपितावर साम्राज्य उभे केले, ही समजूत पूर्वी सर्वत्र प्रचलित होती आणि मांगा लिहिली गेली तेव्हा लोकप्रिय पुस्तकांमध्ये ती तशीच होती. आता ती तितकी ठामपणे कोणी मांडत नाही. हित्तींना लोखंड येत होते, पण ते मोलाचे आणि थोडे होते. रोजच्या लढाईचे काम कांस्य करत होते.

समानतेच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. युरीला हित्ती जग जेवढे शिकवते तेवढे ती त्या जगाला शिकवत नाही. प्रजेसाठी राजाने देवासमोर स्वतः उत्तर द्यायचे असते, ही कल्पना हित्तींची आहे. शुप्पिलुलिउमाच्या सैन्याने इजिप्तच्या ताब्यातल्या प्रदेशातून कैदी आणले, त्यांच्याबरोबर साथ आली आणि सुमारे वीस वर्षे माणसे मरत राहिली. मुर्सिलीने त्यावेळी केलेल्या प्रार्थना उपलब्ध आहेत. त्यांत तो म्हणतो की पाप माझ्या वडिलांकडून घडले, वडिलांचे पाप मुलाकडे येते, म्हणून ते माझ्याकडे आले आहे, आणि मी ते कबूल करतो. सांजवेळ ज्याला उत्तरदायित्व म्हणतात त्याचा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा लेखी पुरावा आहे. युरी ते काइलच्या घरात शिकली, असे मी या मांगाचे वाचन करेन.

दूरदेशी_पाटणकर

मी कामानिमित्त काही वर्षे अंकारामध्ये राहिलो आणि हत्तुशाला दोनदा जाऊन आलो. अंकारापासून साधारण २०० किलोमीटर अंतर आहे. बोगाझकाले, म्हणजे पूर्वीचे बोगाझकोय, हे आज लहानसे गाव आहे आणि त्याच्या वर उघड्या माळावर पसरलेला तटबंदीचा घेर पाहून माणूस थक्क होतो. १९८६ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. सिंहद्वारातले सिंह अजून जागेवर आहेत. स्फिंक्सद्वाराचा एक स्फिंक्स दीर्घकाळ बर्लिनच्या संग्रहालयात होता, तो २०११ मध्ये तुर्कस्तानला परत आला आणि आता गावातल्या छोट्या संग्रहालयात आपल्या जोडीदारासह उभा आहे.

पण मला सांगायचे आहे ते यझिलिकायाविषयी. हत्तुशापासून थोड्याच अंतरावर कातळांमध्ये उघडे देवस्थान आहे. एका भिंतीवर देवांची रांग, समोरून देवींची रांग, आणि मधोमध वादळाचा देव तेशुब आणि त्याची पत्नी हेपत समोरासमोर. पहिल्या भेटीत मी नुसते फोटो काढले. दुसऱ्या भेटीपूर्वी बायकोच्या आग्रहामुळे मी ही मांगा वाचली होती, म्हणून मी इश्तार शोधत होतो. हुरियन भाषेत तिचे नाव शौश्का. देवींच्या रांगेत मला ती दिसेना. मार्गदर्शकाने हात धरून समोरच्या बाजूला नेले. पंख असलेली शौश्का तिथे देवांच्या, म्हणजे पुरुषांच्या रांगेत चालते आहे, आणि तिच्या मागे तिच्या दोन सेविका, निनत्ता आणि कुलित्ता. युद्धाची आणि प्रेमाची देवी म्हणून तिला दोन्हीकडे जाता येत असे. कातळावरची झीज इतकी आहे की दाखवल्याशिवाय डोळ्यांना सापडत नाही. बायकोने तिथे बसून बराच वेळ काहीच बोलणे केले नाही. युरीच्या मागे चालणाऱ्या तीन बहिणी लेखिकेला कशावरून सुचल्या हे मला ठाऊक नाही, पण त्या कातळासमोर उभे असताना आम्हा दोघांनाही त्याच आठवल्या.

अश्वशाळा

दूरदेशी_पाटणकर, आपले फार आभार. पुरुषांच्या रांगेतली शौश्का आणि गाल मेशेदी झालेली युरी. हे दोन्ही आता माझ्या मनात एकत्र राहतील. गाल मेशेदीचे पद हित्ती दरबारात सहसा राजाच्या भावाला किंवा जवळच्या नातलगाला मिळत असे, म्हणून ते युरीकडे येणे किती मोठी गोष्ट आहे, हे मला आत्ता जाणवले.

सांजवेळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोरा_कागद, आजचे शहाणपण कालच्या लोकांना वाटण्याबद्दलचा आपला आक्षेप मी मनात ठेवून पहिले चार खंड काल पुन्हा चाळले. एका ठिकाणी आपले म्हणणे मला मान्य करावे लागले: सुरुवातीला लेखिका खरोखरच हित्ती लोकांना जरा जास्तच आश्चर्यचकित करते. पण टिटो तिच्याशी जो प्रेमाने वागतो तो युरीने काही शिकवण्याआधीच वागतो. पहिले दान त्याचे आहे. हे मी पहिल्या वाचनात नीट पाहिले नव्हते आणि मूळ लेखात ते लिहिलेच नाही, ही माझी चूक आहे.

मातीची_पाटी यांनी सांगितलेल्या त्या हकालपट्टीमुळे नाकियाकडेही मी वेगळ्या नजरेने पाहू लागले आहे. तीही कोवळ्या वयात, स्वतःची इच्छा कोणी न विचारता, परक्या देशात आणून ठेवलेली मुलगी होती. युरीला पाण्यातून आणले, नाकियाला बॅबिलोनहून वरातीतून आणले. दोघींच्याही परतीच्या वाटा बंद झाल्या. पहाटेचा तारा उगवलेला असताना युरी परत न जाण्याचा निर्णय घेते, तेव्हा तो तिचा स्वतःचा असतो. नाकियाला तसा निर्णय घेण्याची वेळ कधी आलीच नाही. शेवटी तिला मारले जात नाही, दूर पाठवले जाते, आणि त्या प्रसंगातल्या तिच्या चेहऱ्याची चौकट मी काल पुन्हा उघडून पाहिली. पहिल्यांदा मला त्यात फक्त पराभव दिसला होता. कोरा_कागद, आपण सोळाव्या खंडापासून पुढे वाचायला घेतलेत, तर शेवटी पोहोचल्यावर ती चौकट आपल्याला कशी दिसली, हे येथे येऊन अवश्य लिहावे.

कोरा_कागद

सोळावा खंड आज मागवला आहे. वाचून लिहीन.